अडीच वर्षं प्रार्थना, रोज रात्री दारू: डॉक्टर बॉब यांचं प्रकरण

१९३३ च्या सुरुवातीपासून १९३५ च्या मे महिन्यापर्यंत डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ दर आठवड्याला प्रार्थनासभेला जात होते, बायबल वाचत होते, तुटलेलं चर्चचं नातं त्यांनी पुन्हा जोडलं होतं, आणि रोज रात्री झिंगेपर्यंत पीत होते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरातले हे शल्यविशारद पुढे ‘डॉक्टर बॉब’ म्हणून ओळखले गेले. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी ते एक. त्यांची गोष्ट बहुतेक वेळा शेवटाकडून सांगितली जाते: दोन दारुडे भेटले, सहा तास बोलले आणि जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. आधीची अडीच वर्षं एका वाक्यात उरकली जातात. मला वाटतं, ख्रिस्ती वाचकाने थांबायला हवं ते त्या वाक्यापाशी. देवाकडे मनापासून मागणं मागूनही बाटली न सुटलेली माणसं कुठल्याही मंडळीत सापडतात, आणि बहुधा ती दोनपैकी एका निष्कर्षाला येऊन पोचतात. एक तर प्रार्थनेत काही अर्थ नाही, नाहीतर माझ्या विश्वासातच खोट आहे. डॉक्टर बॉब यांच्या बाबतीत यांतलं एकही खरं ठरलं नाही.

आधीचा माणूस

जन्म ८ ऑगस्ट १८७९ चा, व्हरमाँट राज्यातल्या सेंट जॉन्सबरी गावातला. वडील न्यायाधीश, आईवडील दोघंही चर्चच्या कामात बुडालेले. मुलाला रविवारची उपासना, संडे स्कूल, संध्याकाळची उपासना, तरुणांची सभा आणि वर बुधवारची प्रार्थनासभा, हे सगळं सक्तीने करावं लागे. त्याने मनाशी ठरवून टाकलं की घरच्यांच्या हुकमतीतून सुटलो की चर्चची पायरी चढायची नाही. न जाणं वाईट दिसेल असे प्रसंग सोडले तर हा निश्चय त्यांनी जवळपास चाळीस वर्षं पाळला. त्या काळात केलेला त्यांचा दुसरा कुठलाही निश्चय इतका टिकला नाही.

डार्टमथ कॉलेजात पिणं सुरू झालं, मिशिगन विद्यापीठात वैद्यक शिकताना ते हाताबाहेर गेलं. तिथून बाहेर पडावं लागलं, मग शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे अंतिम परीक्षेच्या वेळी हात इतका थरथरत होता की पेन्सिल धरवेना, आणि किमान तीन उत्तरपत्रिका कोऱ्याच दिल्या गेल्या. कॉलेजने आणखी दोन सत्रं करायला लावली, एक थेंबही घ्यायचा नाही या अटीवर. ती अट त्यांनी पाळली आणि १९१० साली पदवी घेतली. पुढे अ‍ॅक्रनच्या सिटी हॉस्पिटलात उमेदवारीची दोन वर्षं कामाच्या रगाड्यात न पिता गेली. म्हणजे दारू थांबवणं त्यांना अजिबात जमत नव्हतं असं नाही. बाहेरून करकचून आवळलेली चौकट असली की जमायचं. ती सैल झाली की दारू परत यायची. स्वतःचा दवाखाना सुरू झाला आणि ती आलीच.

१९१५ साली अ‍ॅन रिप्ली यांच्याशी लग्न झालं. जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली, पण औषधी वापरासाठी डॉक्टरांना मद्यार्क मिळत असे आणि चोरटी दारू घरपोच आणून देणारेही होते. या काळातला त्यांचा दिनक्रम व्यसनावर काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. त्यांना दोन भीत्या होत्या: झोप न येण्याची आणि दारू संपण्याची. दारू संपू नये म्हणून पैसे लागत, पैशासाठी दवाखाना चालायला हवा, म्हणून सकाळी प्यायचं नाही. सकाळचा कंप थांबवायला मग गुंगीच्या गोळ्या. दुपार उलटली की कुणाला वास येणार नाही अशा बेताने घर गाठायचं. बाटल्या कोळशाच्या डब्यात, तळघराच्या तुळयांवर, दाराच्या चौकटींवर लपवलेल्या असत. लहान बाटल्या मोज्यांत खोचून घरात येत. अ‍ॅन त्या शोधत राहत. मुलांना शब्द दिले जात आणि ते मोडत. रुग्ण कमी होत गेले, घरावर कर्ज होतं.

गोळ्या आणि दारू यांचं हे आलटूनपालटून चालणारं चक्र नीट पाहून ठेवायला हवं. शरीर इथवर अवलंबून झालेलं असताना ‘आज सोडतो’ म्हणणं हा केवळ इच्छाशक्तीचा सवाल उरत नाही. प्रार्थनासभेत त्यांच्यासाठी गुडघे टेकणाऱ्या भल्या माणसांना याची कल्पना नव्हती. डॉक्टर स्वतः डॉक्टर होते, तरी स्वतःच्या बाबतीत ते या गोष्टीकडे आजार म्हणून बघत नव्हते.

चांगल्या माणसांत, एकटे

ऑक्सफर्ड ग्रुप ही अमेरिकन लुथेरन पाळक फ्रँक बुकमन यांनी उभी केलेली ख्रिस्ती चळवळ. पहिल्या शतकातल्या मंडळीसारखं साधं, एकमेकांशी उघडं जगणं हा तिचा आग्रह होता. पूर्ण प्रामाणिकपणा, पूर्ण शुद्धता, पूर्ण निःस्वार्थीपणा आणि पूर्ण प्रेम अशी चार मोजमापं. सकाळचा शांत वेळ, ज्यात देव काय सुचवतो ते ऐकायचं. आपलं पाप दुसऱ्यासमोर कबूल करायचं. ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई द्यायची. टायरचे कारखानदार हार्वी फायरस्टोन यांच्या मुलाची दारू याच चळवळीतले एपिस्कोपल पाळक सॅम्युएल शूमेकर यांच्या मदतीने सुटली होती. त्या कृतज्ञतेपोटी फायरस्टोन यांनी जानेवारी १९३३ मध्ये बुकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अ‍ॅक्रनला बोलावलं. गावात मोठमोठ्या सभा झाल्या. अ‍ॅन जाऊ लागल्या आणि मागोमाग डॉक्टरही.

त्यांना ही माणसं आवडली. आपल्याकडे नाही असं काहीतरी यांच्याकडे आहे, हे त्यांनी ओळखलं. ते आध्यात्मिक आहे हे कळल्यावर जरा हिरमुसले, पण करून बघायला हरकत नाही म्हणून नेटाने करू लागले. वाचनाची आवड होतीच. धर्मावरची पुस्तकं एकामागून एक वाचली, बायबल वाचलं. सभा चुकवली नाही. प्रार्थनेची सवय लावून घेतली. पिणं जिथे होतं तिथेच राहिलं.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. त्या गटात डॉक्टरांसारखा पिणारा दुसरा कुणी नव्हता. सुखवस्तू, शिकलेली, समाजात मान असलेली ती माणसं एकमेकांपुढे आपला अहंकार, राग, हेवेदावे कबूल करत. डॉक्टरही काहीबाही कबूल करत असतील, पण मुख्य गोष्ट तेवढी झाकलेली. बायकोला ठाऊक, निम्म्या गावाला अंदाज, तरी तोंडातून शब्द नाही. दर आठवड्याला कबुलीच्या वर्तुळात बसून सगळ्यात मोठी कबुली गिळायची, हा एक वेगळाच थकवा असतो. अशा माणसाला प्रार्थनाही जड होत जाते, कारण देवासमोर जे म्हणायचं ते माणसांसमोर म्हणता येत नाही.

१९३५ च्या वसंतात गटातल्या हेन्रिएटा सायबरलिंग यांनी ही कोंडी फोडायचं ठरवलं. टी. हेन्री आणि क्लॅरेस विल्यम्स या दांपत्याच्या घरी त्यांनी मोजक्या माणसांची बैठक बोलावली आणि आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं की आज प्रत्येकाने असं काही बोलायचं, जे बोलायला जिवावर येतं. एकेक जण बोलला. शेवटी डॉक्टर म्हणाले की मी लपून पितो आणि मला थांबता येत नाही. आमच्याकडून प्रार्थना हवी का, असं विचारल्यावर ते हो म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्यासोबत गुडघे टेकले. नंतर हेन्रिएटा यांना शांत वेळेत जे सुचलं ते त्यांनी डॉक्टरांना कळवलं: थेंबालाही शिवायचं नाही. डॉक्टरांची त्यावर निराशा झाली. यापेक्षा खोल काही हाती लागेल अशी त्यांची अपेक्षा होती. एवढं तर त्यांना स्वतःलाही माहीत होतं.

पिणं चालूच राहिलं. पण ही कबुली वाया गेली असं मी म्हणणार नाही. ती झाली नसती तर पुढच्या महिन्यात हेन्रिएटा यांनी फोन कुणाला केला असता?

सहा तास

शनिवार, ११ मे १९३५. न्यूयॉर्कचे बिल विल्सन अ‍ॅक्रनच्या मेफ्लॉवर हॉटेलात उतरले होते. वय एकोणचाळीस, शेअरबाजारात एकेकाळी नाव, मग दारूत सगळं बुडालेलं. रबराची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या झटापटीत त्यांची बाजू हरली होती. खिशात फारसे पैसे नव्हते आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते.

बिल पाच महिने दारूला शिवले नव्हते. आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे जुने पिणारे मित्र एबी थॅचर त्यांच्या घरी आले होते, न पिता. एबी यांना ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये आधार मिळाला होता. त्यानंतर डिसेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात दाखल असताना बिल यांना एक जबरदस्त आध्यात्मिक अनुभव आला, आणि मग हा अनुभव सगळ्या दारुड्यांना द्यायचाच अशा आवेशात त्यांनी पाच महिने गाजवले. एकाचीही दारू सुटली नाही. त्यांचे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना सांगितलं होतं की आधी उपदेश थांबवा. तुमच्या दिव्य अनुभवाने ती माणसं बिचकतात. दारूचं शरीरावर चढणारं वेड आणि मनावरची पकड यांबद्दल बोला, स्वतःचं सांगा, देवाचं नंतर.

हॉटेलच्या लॉबीत बिल यांना एक गोष्ट उमगली. न्यूयॉर्कमध्ये ते एकाचीही दारू सोडवू शकले नव्हते, पण त्या खटपटीत ते स्वतः मात्र प्यायले नव्हते. आता या क्षणी बोलायला एखादा दारुडा हवा होता, त्याच्या भल्यासाठी नव्हे, स्वतःच्या. लॉबीत टांगलेल्या चर्चच्या यादीतून त्यांनी वॉल्टर टंक्स या एपिस्कोपल पाळकांना फोन लावला, त्यांच्याकडून नावं घेतली, आणि फोनवर फोन करत अखेर हेन्रिएटा यांच्यापर्यंत पोचले. हेन्रिएटा कित्येक दिवस डॉक्टर बॉब यांच्यासाठी प्रार्थना करत होत्या. त्यांनी लगेच अ‍ॅन यांना फोन केला. उत्तर मिळालं की आज नाही जमणार. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. डॉक्टर बायकोसाठी कुंडीतलं रोप घेऊन घरी आले होते आणि आता टेबलाखाली आडवे पडले होते.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता, सायबरलिंग कुटुंबाच्या स्टॅन हायवेट इस्टेटीवरच्या गेटहाउसमध्ये भेट झाली. डॉक्टरांनी येतानाच अ‍ॅनकडून कबूल करून घेतलं होतं की पंधरा मिनिटांत निघायचं. निघाले रात्री सव्वाअकराला.

बिल यांनी त्यांना सुधारायचा प्रयत्न केला नाही. आपण किती आणि कसे प्यायलो, काय काय गमावलं, शपथा कशा मोडल्या, सिल्कवर्थ यांनी आजाराबद्दल काय सांगितलं, हे बोलत राहिले. आणि हेही सांगितलं की तुम्हाला माझी जेवढी गरज आहे तेवढीच मला तुमची आहे. डॉक्टर बॉब यांनी पुढे लिहिलं की दारूच्या व्यसनाबद्दल स्वानुभवाने बोलणारा हा त्यांना भेटलेला पहिला जिवंत माणूस. धर्माबद्दल ऐकण्यासारखं बिलकडे नवीन फारसं काही नव्हतं. त्या बाबतीत डॉक्टरांचं वाचन बिलपेक्षा जास्त होतं. ही बाब मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. ज्ञान ज्याच्याकडे जास्त होतं, तोच बुडत होता.

घसरण, आणि तिच्यानंतरचा दिवस

बिल काही आठवड्यांनी स्मिथ यांच्या आर्डमोर अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरी राहायला आले. सकाळी अ‍ॅन बायबलमधला उतारा वाचत, मग शांत वेळ, मग प्रार्थना. याकोबाचं पत्र, डोंगरावरील प्रवचन आणि पहिल्या करिंथकरांसचा तेरावा अध्याय या घरात पुन्हा पुन्हा वाचले गेले. क्रियांवाचून विश्वास निर्जीव, हे याकोबाचं म्हणणं अ‍ॅन यांना विशेष प्रिय होतं. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे निरोगी व्हाल, असंही म्हटलं आहे.

घरात सोबती, रोजचं वचन, नवी उमेद, आणि जूनमध्ये डॉक्टर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला निघाले. आगगाडीत बसल्यापासूनच प्यायला लागले. मधल्या काही दिवसांची त्यांना शुद्धच नव्हती. परत आल्यावर त्यांना ठिकाणावर आणायला तीन दिवस लागले, कारण लगेचच एक शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि ती त्यांनीच करायची होती. शस्त्रक्रियेच्या सकाळी हाताचा कंप थांबावा म्हणून बिल यांनी त्यांना बिअरची एक बाटली दिली. त्या टेबलावर झोपलेल्या रुग्णाला हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. गोष्ट सांगणारे या बाटलीबद्दल कौतुकाने बोलतात. मला ते जमत नाही.

तीच शेवटची दारू. तारीख १० जून १९३५ अशी सांगितली जाते आणि ए.ए. तोच आपला स्थापनादिन मानते. अधिवेशनच १० ते १४ जूनला होतं हे पाहून काही अभ्यासक १७ जून म्हणतात. आठवडाभराच्या फरकाने प्रकरणात काही बदलत नाही.

बदलतं ते शस्त्रक्रियेनंतरच्या काही तासांमुळे. डॉक्टर घरी आलेच नाहीत. अ‍ॅन आणि बिल यांना जे वाटायचं तेच वाटलं. पण डॉक्टर गावभर फिरत होते. ज्यांचे पैसे थकवले, ज्यांना दुखावलं, ज्यांच्यापासून पिणं लपवलं, त्यांच्या दारात जाऊन ते सगळं सांगत होते आणि भरपाईचं बोलत होते. घसरणीच्या आधी याच एका गोष्टीला ते अडून बसले होते. बाकी सगळं करीन म्हणाले होते, पण आपण दारुडे आहोत हे गावात सांगायचं नाही, कारण मग दवाखाना बुडेल आणि पोराबाळांचे हाल होतील. आता ते स्वतःच सांगत निघाले. विल्यम्स यांच्या घरची कबुली बंद दाराआड, सहानुभूती असलेल्या मित्रांपुढे झाली होती. ही उघड्यावरची होती, आणि जिच्यात नुकसान होऊ शकतं अशी.

आणि लगेच पुढचं पाऊल. दोघांनी सिटी हॉस्पिटलात फोन करून विचारलं की उपचाराला दाद न देणारा एखादा दारुडा रुग्ण आहे का. होता: एक वकील, सहा महिन्यांत आठव्यांदा दाखल झालेला, नुकताच परिचारिकांवर हात उगारल्याने पलंगाला बांधलेला. हा माणूसही एकेकाळी चर्चमध्ये जबाबदारीची कामं करणारा. देवावर विश्वास आहे, पण देवाला माझ्याबद्दल काही वाटत असेल असं वाटत नाही, अशा अर्थाचं तो बोलला. दोघं त्याच्या पलंगाशेजारी बसून आपापल्या गोष्टी सांगत राहिले. ४ जुलैला तो बरा होऊन घरी गेला आणि पुन्हा प्यायला नाही. एका महिन्यात डॉक्टर मदत घेणाऱ्याच्या खुर्चीतून उठून मदत करणाऱ्याच्या खुर्चीत बसले होते, आणि हा बदल स्वतः पुरते बरे होण्याची वाट न पाहता झाला होता.

कशाने सुटली?

डॉक्टरांनी स्वतः याचं उत्तर १९४८ च्या डिसेंबरात डेट्रॉइटमधल्या भाषणात दिलं. त्याचा आशय असा: त्या भल्या माणसांनी मला जे जे करायला सांगितलं ते मी केलं. सभांना गेलो, चर्चशी नातं जोडलं, प्रार्थना केली, आणि तरी रोज प्यायलो. जी एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, ती बिल त्या रविवारी करत होते: दुसऱ्याच्या उपयोगी पडायचा प्रयत्न.

हे उत्तर मला मान्य आहे, पण पुरतं नाही. अडीच वर्षांत आणखी दोन गोष्टी नव्हत्या. एक, दारू म्हणजे निव्वळ पाप नसून शरीरात रुतलेला आजारही आहे, ही समज. बिलने ती सिल्कवर्थ यांच्याकडून आणली आणि डॉक्टरांच्या शरमेची धार तिने बोथट केली. शरम कमी झाल्यावरच माणूस पश्चात्ताप करू शकतो. तोवर तो फक्त लपतो. दुसरी, वर म्हटलेली उघड कबुली आणि भरपाई. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्वतःबद्दल सांगतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि जे नकोसं वाटतं तेच होतं. डॉक्टरांनी हा अध्याय वाचला असणारच. पण तो वाचणं वेगळं आणि ज्याची उधारी थकवली त्याच्या दारात उभं राहून तेच स्वतःच्या शब्दांत म्हणणं वेगळं.

मग आधीची अडीच वर्षं फुकट गेली का? मला तसं वाटत नाही. बिल आले तेव्हा डॉक्टरांकडे प्रार्थनेची भाषा होती, वचनाची ओळख होती, त्यांच्यासाठी झुरणारी मंडळी होती आणि एक अर्धवट कबुली झालेली होती. सरपण रचलेलं होतं, काडी लागायची राहिली होती. पण याचं श्रेय डॉक्टरांच्या निष्ठेइतकंच हेन्रिएटा आणि अ‍ॅन यांना जातं, ज्यांनी काही फरक दिसत नसतानाही प्रार्थना सोडली नाही आणि डॉक्टरांना हाकललंही नाही.

पुढचा भाग सांगताना बरेच जण घाई करतात. दारू सुटल्यावर डॉक्टरांची तल्लफ गेली नव्हती. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की इतरांसारखी आपली ओढ लवकर मावळली नाही. न पिण्याच्या पहिल्या अडीच वर्षांत ती जवळपास सतत सोबत होती. म्हणजे प्रार्थना करूनही प्यायले तो काळ जेवढा, तेवढाच प्रार्थना करत, न पिता, तल्लफ सोसण्याचाही. ‘येशूने माझी इच्छाच काढून घेतली’ अशी साक्ष देणारे भाग्यवान असतात. ज्यांची इच्छा गेलेली नाही त्यांना ती साक्ष ऐकताना आपण अजून तारलेलो नाही असं वाटू लागतं, आणि अशांनी डॉक्टर बॉब यांचं हे वाक्य जवळ ठेवायला हरकत नाही. इतरांना मदत का करतो याची चार कारणं त्यांनी दिली: कर्तव्य वाटतं, आनंद होतो, ज्याने मला हे दिलं त्याचं ऋण फिटतं, आणि दर वेळी माझ्या स्वतःच्या घसरणीविरुद्ध थोडा विमा उतरतो. चौथं कारण लपवावंसं त्यांना वाटलं नाही.

१९३९ पासून अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांना सिस्टर इग्नेशिया या कॅथलिक धर्मभगिनीची साथ मिळाली. त्या काळी दारुड्यांना रुग्णालयं दाखल करून घेत नसत. सिस्टरनी पहिला रुग्ण जठराच्या विकाराच्या नावाखाली आत घेतला. पुढच्या दहा वर्षांत डॉक्टरांनी तिथे सुमारे पाच हजार रुग्णांवर फी न घेता उपचार केले. बरा होऊन निघालेल्याला सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला देत आणि बजावत की पुन्हा प्यायची वेळ आली तर आधी येऊन हा परत करायचा. प्रॉटेस्टंट घरातून आलेला डॉक्टर आणि कॅथलिक सिस्टर यांच्यात पंथावरून वाद झाल्याचं कुठे दिसत नाही. रुग्ण समोर असायचा. डॉक्टर बॉब १६ नोव्हेंबर १९५० रोजी कर्करोगाने गेले. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता.

हे प्रकरण कुठवर लागू पडतं

एका प्रकरणावरून नियम काढता येत नाही, आणि या गोष्टीच्या आतच त्याचा पुरावा आहे. बिल यांच्यापर्यंत निरोप आणणारे एबी थॅचर स्वतः पुढे कित्येक वेळा घसरले. तीच चळवळ, तीच प्रार्थना, तेच मित्र. बिल त्यांना शेवटपर्यंत आपला वाट दाखवणारा मानत आणि सांभाळत राहिले.

ए.ए.ने पुढे ऑक्सफर्ड ग्रुपपासून फारकत घेतली आणि कुठल्याही धर्माच्या, किंवा धर्म नसलेल्या, माणसाला चालेल अशी ‘आपल्याला समजेल तसा देव’ ही भाषा स्वीकारली. काही ख्रिस्ती लोकांना यात तडजोड दिसते. मला त्यात डॉक्टर बॉब यांच्या कुंठेचा अनुभव दिसतो: देवाबद्दलचं बरोबर ज्ञान असणं हा त्यांचा प्रश्न कधी नव्हताच. ज्याला ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थना करायची आहे त्याला त्या सभेत कुणी अडवत नाही.

या मार्गावर संशोधनही झालं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे एका उपचारावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या पाहणीत, २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी होते. ए.ए.कडे वळवणाऱ्या पद्धतशीर उपचारानंतर वर्षभराने पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्के निघालं. वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांत ते सुमारे ३५ टक्के होतं. फरक खरा आहे, आणि चांगल्या गटातही निम्म्याहून अधिक माणसं पूर्ण दारूमुक्त राहिली नव्हती, हेही खरं आहे. घसरलेल्याला मंडळीत परत यायला लाज वाटू नये अशी व्यवस्था हवी ती यासाठी.

एक गोष्ट नक्कल करू नये अशी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी, प्रार्थनेच्या भरात, एकदम दारू बंद करणं धोक्याचं असतं. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. बिअरने आणि घरगुती उपायांनी डॉक्टर बॉब निभावले तो १९३५ चा काळ होता. आज यासाठी औषधं आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. उपास-प्रार्थनेचा कार्यक्रम ठरवण्याआधी हा टप्पा पार झालेला असावा.

आणि दारू सुटली म्हणजे बाकीचे झगडे सुटले असंही होत नाही. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून कित्येक वर्षं बिल विल्सन यांना खोल नैराश्याने घेरलं होतं. काही दिवस अंथरुणातून उठणंही अवघड होई. ते प्यायले नाहीत. प्रार्थना करत होते, सभांना जात होते, आणि हॅरी टीबाउट या मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचारही घेत होते. लाखो लोकांना देवावर भरवसा ठेवायला शिकवणाऱ्या माणसाने मानसोपचार घेण्यात त्यांना स्वतःला विसंगती वाटली नाही. व्यसनातून बाहेर पडूनही मनाने खचलेल्या एखाद्याला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं सांगणारं कुणी भेटलं, तर त्या सांगणाऱ्याला हे प्रकरण वाचायला द्यावं.